गटात किमान दोघी

बर्फावरच्या स्केटिंगमध्ये वरच्या पातळीची परीक्षा पास झालात की खालच्या गटात परत उतरता येत नाही. ताई पास झाली, हाच तिचा गुन्हा. बाकीच्या कोचनी आपापल्या पोरींना परीक्षेला बसवलंच नाही, कारण खालच्या गटात पदकं सोपी. म्हणून आजच्या स्पर्धेत ताईच्या गटात ताई एकटीच.

"गट रद्द," स्पर्धाप्रमुख बाई म्हणाल्या. "किमान दोघी लागतात."

"निकाल लागला नाही तर मोठ्या स्पर्धेत घेणार नाहीत मला!" ताई ओरडली. "आणि मोसमातली ही शेवटची स्पर्धा आहे!"

"नियम काही मी केलेला नाही, बाळा."

"मग तो आपोआप उगवला का?" मी विचारलं. मला बाहेर थांबायला सांगण्यात आलं. मी दारात थांबलो.

आई इतका वेळ गप्प होती. आई गप्प बसली की आमच्या घरात कुकरसुद्धा शिट्टी द्यायला बिचकतो.

"ही परीक्षा मीही पास आहे," ती म्हणाली. "लग्नाआधी. ती रद्द होते?"

"नाही, पण..."

"क्लबची सभासदही आहे. पालकांना तुम्हीच सक्तीने करता. वयाला वरची मर्यादा?"

बाईंनी शेजारच्या परीक्षकाकडे पाहिलं. त्याने छताकडे पाहिलं. मर्यादा घालायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"अहो, पण तुम्हाला जमणार आहे का?"

"ते परीक्षक सांगतील. नाहीतर बसलेत कशाला?"

"आई, अगं हाड मोडेल!" ताई म्हणाली.

"मोडू दे. निकाल लागल्यावर मोडेल."

भाड्याचे बूट आणि ऑफिसची पँट घालून आई बर्फावर उतरली. एक उडी मारली म्हणे. मी नेमकी पापणी मिटली असणार. दोनदा पडली. दोन्ही वेळा बर्फाकडे असं बघितलं, की त्यानेच माफी मागावी. पण गटाला ठरवून दिलेला कार्यक्रम तिने शेवटपर्यंत पूर्ण केला. मग ताई उतरली, तीही त्याच रागात, आणि एकही उडी चुकली नाही.

ताई पहिली, आई दुसरी. गटातल्या पहिल्या दोघी मोठ्या स्पर्धेला पात्र.

प्रमुख बाई गोड हसत आल्या. "झालं ना मनासारखं? तुमचं नाव काढून टाकते आता."

"हात लावून बघा नावाला," आई गुडघा चोळत म्हणाली. "सरावाला बर्फ किती वाजता मोकळा असतो, ते सांगा."