समुद्राच्या चिखलातले सात गोटे

शामलाच्या बाबाचं नाव मी लग्नातल्या उखाण्यात घेतलं, त्यावर पंधरा वर्षं घेतलं नाही. लोक घेत, अन् चौऱ्याऐंशी साली सदर भागातल्या यायच्या हापिसात तर शिवी दिल्यासारखं घेत होते.

हापिस दगडमातीच्या तपासणीचं. तिथं हे माती धुवायचे, चाळायचे. त्या साली दक्षिण ध्रुवाकडून पेटी आली, तिथल्या किनाऱ्यालगतच्या समुद्रतळाचा चिखल. यायनं चाळला तर बोराएवढे सात गोटे निघाले. मनोहरराव साहेब भडकले. म्हणे, इतक्या मऊ चिखलात गोटे कुठून येतील, तिथं नदी नाही का नाला नाही. आदल्या आठवड्यात त्याच चाळणीनं कन्हान नदीची रेती चाळली होती, तेच गोटे अडकून राहिले असतील. सोमवारी माफी लिहून द्या, नाही तर घरी बसा.

मी म्हटलं, द्या लिहून, नोकरी जाईन. तर माह्यावरच डाफरले. "चाळणी मी तीनदा धुतली. न केलेल्या चुकीची माफी काहून मागू?"

रविवारी आपल्या गावाले, खाप्याले गेले अन् कन्हानच्या पात्रातून पिशवीभर गोटे घेऊन आले. सोमवारी साहेबाच्या टेबलावर एकीकडं ते मांडले, एकीकडं हे सात. कन्हानचे सारे गोल, गुळगुळीत. हे सातही एका अंगानं घासून सपाट, अन् वर एकाच दिशेचे ओरखडे.

"साहेब, पाणी गोट्याले लोळवते. या सातायले कोणीतरी दाबून फरफटत नेलं."

साहेबानं भिंग लावलं. एकेक गोटा उलटून पाहिला. मग यायच्यासाठी खुर्ची ओढली. म्हणाले, हे बर्फाचं काम. हजारो वर्षांआधी बर्फाचा डोंगराएवढा थर जमिनीवरून सरकत पार समुद्रात गेला, त्यानंच हे पोटाखाली घासत नेले. तो कुठवर गेला होता, ते या गोट्यांनी सांगितलं, अन् मी ते फेकून देणार होतो.

माह्या माणसानं बर्फ पाहिला तो रसवंतीवरचा. पण माय वं, छाती कशी भरून आली माही.

दिवाळीनंतर दुसरी पेटी आली. तिच्यावर साहेबानं लावलेली चिठ्ठी यायनं घरी आणली अन् गुपचूप माह्यासमोर ठेवली. शेजारची शोभाताई बसली होती. मी मोठ्यानं वाचलं, "ही पेटी फक्त कवडूनं उघडावी."

शोभाताई म्हणे, नवऱ्याचं नाव घेतलं वं तू.

मी पुन्हा वाचलं, मोहल्ल्याले ऐकू जाईन असं.