आखूड उलांडी

ते सत्तावन्न साल. थंडी पडायच्या आधी वारा दिशा बदलतो, त्या दिवसांतली गोष्ट. तेव्हाची माणसं आता राहिली नाहीत, पण डोळे मिटले की बाबांच्या कारखान्यातला ओल्या भुशाचा वास मला अजून येतो.

बाबा अरुंद होड्या बनवत. वरून झाकलेल्या, बसायला एकामागे एक दोन भोकं. आत बसलं की होडी अंगात घातल्यासारखी वाटे. दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं आणि पुढे एक छोटं शीड. शिडं मी शिवत असे. अशी होडी पळते छान, पण कुशीवर वळायला तिला निमित्त लागत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना लांब दांडे काढून त्यांच्या टोकांना लाकडी तरंडे बांधायचे. तीच उलांडी. बाबा म्हणत, वल्हवणाऱ्याचा तोल त्याच्या कमरेत असतो, शिडाच्या होडीचा तोल मात्र तिच्यापासून चार हात लांब ठेवावा लागतो.

माझा दादा आणि वहिनी रोज सकाळी बेकरीतले पाव खाडीपलीकडच्या दीपगृहावर आणि खाणीवर पोचवत. वल्हवताना दादाचं पातं उलांडीवर आपटायचं. त्यावरून तो कुरकुरायचाच. त्यात एक दिवस धक्क्यावरच्या मुकादमाने सगळ्यांदेखत विचारलं, "काय रे, लग्न झालं तरी तुझा पांगुळगाडा सुटला नाही?" हमाल हसले. वहिनीही हसली. ते मात्र दादाला लागलं.

त्या दिवशी जेवताना त्याने जाहीर केलं की उलांडी काढून टाकणार. बाबांनी आधी समजावलं, मग होडीला हात लावशील तर याद राख म्हणाले. पुढे कित्येक दिवस बापलेक एकमेकांशी भिंतीशी बोलल्यासारखे बोलत. भाजी वाढायची तरी मध्ये मी लागायची. शेवटी वहिनीनेच तोड काढली.

"मामंजी, तुमचंही राहू दे, यांचंही राहू दे. दांडे थोडे आखूड करा की."

बाबांनी बराच वेळ दांड्यावरून हात फिरवला. नसल्यापेक्षा बरी, असं काहीसं पुटपुटले आणि करवत घेतली. तरंडे होडीच्या अंगाला चिकटल्यासारखे दिसू लागले. पातं आपटेनासं झालं, मुकादमाला बोलायला जागा उरली नाही, घरात पुन्हा हसणं-बोलणं सुरू झालं. वारा पडलेला होता, दोघं वल्हवतच जात-येत. आखूड उलांडीची परीक्षा कधी झालीच नाही.

मग वारा फिरला. पाव देऊन परतताना होडी रिकामी, हलकी होती. दादाने शीड उभारलं. पुढचं वहिनीने सांगितलं तेवढंच आम्हाला ठाऊक. होडी एका अंगावर कलली तशी ती म्हणाली, शीड उतरवा. दादा मजेत होता.

"घाबरतेस काय? उलांडी आहे की."

खालच्या बाजूचा तरंडा कणकेत बोट जावं तसा पाण्यात गेला आणि होडी उलटली. वहिनी बाहेर फेकली गेली. दादाचा पाय शिडाच्या दोरीत अडकला. तिने होडी सुलटी करायला जिवाच्या आकांताने जोर लावला, पण दोन्ही तरंडे आता पाण्यावर पसरून बसले होते. सुलट असताना जो तोल राहिला नाही, तो उलटी झाल्यावर राहिला. मुकादमाची लाँच पोचली तेव्हा वहिनी होडीच्या पाठीवर पालथी पडून होती आणि खालून लाकूड वाजायचं थांबलं होतं.

माणसं पांगल्यावर बाबा कारखान्याच्या उंबऱ्यावर बसले. वहिनी तिथेच होती, केस अजून ओले.

"पुरती काढून टाकली असती," बाबा म्हणाले, "तर त्या वाऱ्यात त्याने शीड उभारलंच नसतं."

"आखूड करा, असं मी म्हटलं होतं, मामंजी."

"करवत माझ्या हातात होती."

त्यानंतर या घरात कोणी कोणाला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं.

बाबांनी नंतर होडी केली नाही. दारं, खिडक्या, टेबलं केली. गिऱ्हाईक काही कमी-जास्त करायला सांगू लागलं, की ऐकून न घेता त्याला दुसऱ्या सुताराकडे पाठवत. पाच-सहा वर्षांत तेही गेले. मुकादमाने वर्षभर दीपगृहाचे पाव आपल्या लाँचमधून फुकट पोचवले, मग बदली मागून घेतली. पुढे त्याचं काय झालं, कळलं नाही. मी शिडं सोडून पडदे आणि शाळेचे गणवेश शिवले. लग्न केलं नाही, त्याला कारणं वेगळी.

वहिनी बेकरीत कामाला लागली. तिथल्या भट्टीवाल्याशी लग्न कर म्हणून मीच तिच्या मागे लागले, आणि तिने केलं. तिला दोन मुली झाल्या. रक्ताचं नातं काही नाही, तरी मला आत्या म्हणतात. मागच्या वर्षी वहिनी गेली. शेवटी तिला माणसं ओळखू येत नव्हती. कुशीवर वळवायला गेलं, की पलंगाची कड घट्ट धरायची आणि सोडवली तरी सोडायची नाही.