हुंकार देणारी मोटर

देवाजी गेला आणि आठवड्याभरात बोडीच्या, शेतातल्या लहान तळ्याच्या काठावरची त्याची पाण्याची मोटर फिरेनाशी झाली. बटण दाबलं की नुसती घुमायची. देवाजीही जिवंतपणी मोजकंच बोलायचा. काहीही विचारा, उत्तर एकच, लांबलचक "हूं". म्हणून सुगंधाबाई रोज दुपारी बटण दाबून नवऱ्याशी दोन शब्द बोलू लागली.

"धानाचे पऱ्हे पिवळे पडून राह्यले जी."

मोटर म्हणे, हूं.

गावातलं कोणी तिकडे फिरकेनासं झालं.

मोटारीचं काम शिकलेली लेक उर्वशी माहेरी आली. तिने आधी मेन बंद केला आणि मग शाफ्ट हाताने फिरवून पाहिला. तो अलगद फिरला.

"आई, बेरिंग जाम नाई. लाइन येते, पण सुरुवातीचा धक्का भेटत नाई, म्हणून घुमते. कंडेन्सर गेला. अशीच चालू करत राह्यली त वायंडिंग जळन. मंग पऱ्ह्यांले पाणी कुठून आणशील?"

"एकडाव बोलू दे मले त्याइच्यासंगं."

"बोल. पण लवकर."

उर्वशीने मेन पुन्हा चालू केला. सुगंधाबाईने बटण दाबलं आणि ती मोटारीवर वाकली. "पोरगी तुमचा आवाज बंद करतो म्हणते. करू देऊ?"

"हूं."

तिने स्वतःच मेन बंद केला. उर्वशीने नवा कंडेन्सर बसवला. मोटर सरसर फिरली, पाणी पऱ्ह्यांकडे धावलं. सुगंधाबाई मात्र धुऱ्याच्या बांधावर बसून काहीबाही विचारत राहिली, आणि प्रत्येक प्रश्नानंतर उत्तरापुरती थांबत राहिली.