दुसरा दाखला

आमची बकुळा कायद्याची परीक्षा पास झाली तेव्हा मी लालबागच्या आमच्या चाळीत तिन्ही मजले पेढे वाटले. फक्त जिन्याजवळची जयवंत मास्तरांची खोली सोडून. मास्तर बकुळाच्या शाळेचे हेडमास्तर. आठ वर्षांपूर्वी त्यांनी माझ्या पोरीचा मॅट्रिकचा फॉर्म अडवला, प्रिलिमला गणितात नापास म्हणून. मी गॅलरीत उभी राहून तासभर त्यांची शोभा केली. खडूखाऊ म्हटलं, पोरींचा वैरी म्हटलं. माणूस आतून कडी लावून बसला. त्या दिवसापासून बोलणं बंद.

मला वाटलं, पास झाली की वकील झाली. कसलं काय! आधी गिरगावात एका मोठ्या वकिलाच्या हाताखाली वर्षभर राबली. मग हायकोर्टाकडे सनदेचा अर्ज. सनद नाही तर कोर्टात तोंड उघडायचं नाही. (माझ्यासारखीला हे जमलंच नसतं.) आणि अर्जाला दोन दाखले हवे, मुलीची वागणूक चांगली असल्याचे. एक गिरगावच्या वकिलांनी दिला. दुसरा लहानपणापासून ओळखणाऱ्या प्रतिष्ठित माणसाचा हवा, नातेवाईक चालायचा नाही. अर्ज शनिवारी द्यायचा होता, आणि उजाडला गुरुवार.

आम्ही परळच्या डॉक्टरांकडे गेलो. बकुळाला गोवर आला तेव्हा औषध यांचंच. त्यांनी पेन उघडलं, अर्ज वाचला आणि पेन बंद केलं.

"हे तुरुंगाचं कशाला लिहिलंस?"

छप्पन साली संयुक्त महाराष्ट्रासाठी सत्याग्रह केला म्हणून बकुळा आठ दिवस आत होती. सुटून आली तेव्हा मी तिला दारात ओवाळलं होतं. लाजण्यासारखं काय त्यात?

"अर्जात विचारलंय, डॉक्टर," बकुळा म्हणाली.

"ते खोडून आण, मग सही करतो. माझी सरकारी लोकांत ऊठबस आहे."

"खोडणार नाही."

"मग राहू दे."

"राहू दे तर राहू दे," मी म्हटलं. "तुमच्या औषधाने खोकला तरी कुठे जातो!" आणि पोरीचा हात धरून बाहेर पडले.

रस्त्यावर आल्यावर माझा राग निवला आणि शनिवार आठवला. "एक ओळ खोडलीस तर काय गो होईल?"

"आये, उद्या कोर्टात मी दुसऱ्यांना खरं बोला म्हणून सांगणार. आणि आत शिरणार खोडाखोड करून?"

पोर माझ्यावर गेलीय. बापावर गेली असती तर कधीच खोडून मोकळी झाली असती.

रात्रभर मी प्रतिष्ठित माणसं आठवत होते. मिलमध्ये माणसं भरणाऱ्या जॉबरशी नळावरून वाजलेलं. बँकेतल्या हेडक्लार्कच्या आईला मी गणपतीच्या मांडवात नको ते बोललेली. ज्याच्याशी भांडले नाही असा एकही माणूस हाताला लागेना. मग भांडलेल्यांतला सगळ्यांत मोठा गाठायचा ठरवला.

शुक्रवारी सकाळी डोक्यावरून पदर घेतला आणि मास्तरांचं दार वाजवलं. बकुळा मागे उभी. मास्तरांनी दार उघडलं, मला पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकले.

"भांडायला नाही आले," मी म्हटलं. "पोरीला सनदेसाठी दाखला हवाय. तुरुंगात गेली होती ते तिने लिहिलंय. खोडणार नाही. द्यायचा तर द्या."

"बसा, सुंदराबाई."

मास्तरांनी चष्मा लावला आणि लिहायला बसले. लिहून झाल्यावर म्हणाले, "तुम्हीही ऐका," आणि वाचू लागले.

"ही मुलगी मॅट्रिकच्या प्रिलिममध्ये गणितात पास झाली होती. दुसऱ्या दिवशी ती पेपर घेऊन आपणहून माझ्याकडे आली आणि बेरजेत पाच गुण जास्त पडल्याचे तिने दाखवले. ते वजा केल्यावर ती नापास झाली व तिचे वर्ष गेले. अशा मुलीने तुरुंगवास लपवला असता, तरच मला आश्चर्य वाटले असते."

मी मागे वळले. बकुळा फरशी बघत होती.

"खरं हे?"

"हो."

"आणि मी तासभर गॅलरीत बोंबलत होते तेव्हा तुझी वाचा बसली होती?"

"आये, तू मध्ये श्वास कुठे घेतलास?"

"मास्तर, निदान तुम्ही तरी सांगायचं!"

"मी कडी लावून बसलो होतो," मास्तर म्हणाले. "आणि पोरीने हात जोडून सांगितलं होतं, आईला कळलं तर मला घरात घेणार नाही."

घेतलीच नसती. खोटं कशाला बोलू?

मी उठले, बाहेर गेले आणि नऊ वर्षांपूर्वी जिथे उभी होते तिथेच उभी राहिले.

"ऐका गो सगळ्यांनी! मास्तरांना मी जे जे बोलले ते परत घेते! खडूखाऊसुद्धा!"

खालच्या मजल्यावरून माना वर झाल्या. मास्तर दारात धावत आले. "सुंदराबाई, पुरे! लोक विसरले होते हो!"

"मी नव्हते विसरले," मी म्हटलं आणि पुन्हा एकदा सगळं सांगितलं, तिसऱ्या मजल्यासाठी.

शनिवारी अर्ज गेला, तुरुंगाच्या ओळीसकट. दीड महिना मी रोज पोस्टमनला जिन्यातच अडवत होते. मग एका दुपारी बकुळा सनद घेऊन जिना चढली. मला तिच्यातलं एक अक्षर वाचता आलं नाही, पण उलटी धरली नव्हती एवढं नक्की.

या खेपेला पेढे मास्तरांच्या खोलीपासून सुरू केले. जॉबरला दिला, हेडक्लार्कच्या आईला दिला.

डॉक्टरांनाही पाठवला. अर्धा.