लोर्नाने कोरा सोडलेला रकाना

मी एक जुना लॉलीपॉप आहे. मित्रांनो, जिभा आवरा, मी खायचा नाही! लांब काठीवर बसवलेली गोल पिवळी पाटी, तिच्यावर ठळक 'थांबा', असा माझा अवतार. इंग्लंडमधल्या लँकेशायरातल्या चढावरच्या आमच्या गावात, पोरांना रस्ता ओलांडून द्यायला शाळेसमोर मला पुढे धरलं की भलेभले ट्रकही मुकाट उभे राहत.

सहा वर्षं मला लोर्ना हेस्केथने धरलं. तिचे हात गार असत, पण पकड पक्की.

"राणीसाहेब, पाव शिळे व्हायच्या आत सोडा की!" पाववाला सिरिल गाडीतून ओरडायचा.

"शिळेच विकतोस तू. थांब गुमान!"

पोरं खिदळायची आणि माझी छाती फुगायची.

लोर्नाला बालवर्गात मदतनीस व्हायचं होतं. पण बारा वर्षांपूर्वी भावाला पुरलं त्या संध्याकाळी ती भरपूर प्यायली, आणि सकाळपर्यंत उतरली असेल असं समजून गाडी घेऊन निघाली. पोलिसांच्या नळीत फुंकताच सापडली. कोर्टात शिक्षा झाली, परवाना गेला. मला हाती घेताना तिने हे जुन्या मुख्याध्यापिकेला सांगितलं होतं. नव्या जागेच्या अर्जात मात्र 'पूर्वी शिक्षा झाली आहे का?' हा रकाना तिने कोरा सोडला. तपासणीत सगळं बाहेर आलं.

माझं कपाट मुख्याध्यापिकेच्या खोलीला लागूनच आहे. मी ऐकलं.

"लोर्ना, ती जुनी गोष्ट मी समजून घेतली असती. लपवलीस कशाला?" नव्या मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"वाटलं, तेवढंच वाचाल. माझी सहा वर्षं कोण वाचणार?"

"खरं लिहून पुन्हा अर्ज दे. महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत जागा ठेवते."

लोर्नाने मला कपाटात टेकवलं, काठीवरून एकदा हात फिरवला आणि गेली. पुन्हा आलीच नाही. रस्त्यावर आता दुसरी बाई, दुसरी पाटी. मी झाडूंच्या संगतीत उभा आहे, रंगाचे पोपडे निघताहेत. फार एकटं वाटतं. लोर्ना पलीकडच्या कडेने जाते म्हणे, मान खाली घालून. पोरं हात हलवतात, ते तिला दिसतच नाही.

मित्रांनो, चूक झाली तर आपल्याच तोंडाने सांगा. दुसऱ्याकडून कळली की ती दुप्पट होते. आणि कुणी धीर करून सांगितलीच, तर त्याचं पुढचंही ऐकून घ्या.

लोर्ना भेटली तर तिला एवढाच निरोप द्या: रकाना भर, बाई. महिनाअखेरचा शुक्रवार परवा, आज बुधवारच आहे.