पत्र्यावरची थाप

आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी आज घेणार आहे. हरिओम. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, पण इथे अरेतुरेच करणार, कारण माझा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

आमचं घर म्हणजे ट्रॅक्टरला जोडलेली ट्रॉली. वर पाइपांच्या कमानी, त्यावर ताडपत्री, मागच्या बाजूला चढायला फाळका. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन आम्ही सोनपेठकडून निघतो आणि रानं रिकामी होतील तसे सरकत सरकत देवगाव फाट्यापर्यंत जातो. कुणाच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखत पडलं की पुढचं रान. ज्वारीचं पोतं, दोन ट्रंका, तवा, बिरोबाचा टाक, माझे बारावीचे कागद, सगळं त्या ट्रॉलीत. रस्त्यावरचे लोक म्हणतात, "लय मजा हाय बा तुमची, रोज नवं गाव." त्यांनी एकदा चालत्या ट्रॉलीत पाण्याचा हंडा धरून बसून दाखवावं.

या घरात दोन आवाज महत्त्वाचे. एक, पत्र्यावरची थाप. ट्रॉलीच्या पुढच्या अंगाला, ट्रॅक्टरच्या सीटमागे, जाड पत्रा आहे. मी आत बसलेली असते, हरिओम पुढे ट्रॅक्टरवर. ताडपत्रीमुळे त्याला मी दिसत नाही आणि मला तो. म्हणून लग्न होऊन आले त्या पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी, म्हणजे म्हाळसाबाईंनी, माझ्या हातात उलथनं दिलं आणि शिकवलं: एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. एसटीच्या कंडक्टरसारखंच. पाच वर्षं मी नवऱ्याशी प्रवासात जे काही बोलले ते या दोन शब्दांत.

दुसरा आवाज कोकरांचा. आठ-दहा दिवसांची कोकरं लांबवर चालू शकत नाहीत, ती ट्रॉलीत असतात. ती आत ओरडतात आणि त्यांच्या आया मागून चालत येतात. काठी लागत नाही, हाळी लागत नाही. मात्र ट्रॉली पहिल्या गिअरमध्ये हवी आणि कोकरांचा आवाज मागे पोचायला हवा. मेंढीला तिच्या लेकराचा आवाज दहा आवाजांतून कळतो. आवाज तुटला की ती पुढे येत नाही, मागे फिरते. जिथे त्याला शेवटचं पाजलं तिथे जाऊन उभी राहते. हे आमच्या घरात लहान पोरालाही माहीत असतं. हरिओमला तर जन्मापासून माहीत आहे.

तरीही.

यंदा सोनपेठच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले. एकेका ट्रॅक्टरवर गाण्यांचा असा डेक की रस्त्याकडेच्या बाभळीचा पाला हलावा. हरिओम वळून वळून बघायचा. मला वाटलं, बघू दे. मग एक दिवस भाकरी थापताना मी म्हणाले, "मला हितं करमत न्हाई. दिवसभर बोलायला माणूस न्हाई." एवढंच. चुकलं माझं. सासरे येडबा मेंढरांमागे, सासूबाई त्यांच्यासोबत, हा ट्रॅक्टरवर. मला माणूस हवं होतं, त्याने काय ऐकलं कोण जाणे.

बाजाराच्या दिवशी तो सकाळीच ट्रॉली घेऊन सोनपेठला गेला. आमचा मुक्काम तेव्हा गावाबाहेर भुजंगराव पाटलांच्या सोयाबीनच्या रानात होता. दुपारी परत आला तो आमच्या घराचं सिनेमाचं थिएटर करून. बारा इंची दोन वूफर, त्यांची माझ्या कमरेपर्यंत येणारी लाकडी पेटी. पेटीवर अ‍ॅम्प्लिफायर, त्याला सतरा बटणं आणि निळे दिवे. चोवीस इंची टीव्ही. आणखी दोन स्पीकर ट्रॅक्टरच्या मडगार्डवर. वायर ट्रॅक्टरच्या बॅटरीपासून आत आलेली. रिमोट त्याच्या खिशात.

"बघ," तो म्हणाला. "आता करमत न्हाई म्हणू नको."

मी बघितलं. पेटी कुठे बसवली होती? पुढच्या पत्र्याला. नटबोल्टने आवळून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. जिथे मी उलथनं मारायचे तिथे आता काळं रेक्झिन होतं. आणि कोकरांची जागाही तीच. तिथे गादीसारखं गवत पसरलेलं असायचं, धक्का लागत नाही म्हणून. ते सगळं उचलून मागे, ट्रंकांच्या कोपऱ्यात टाकलं होतं.

"अवं, मी थाप कुठं मारू?" मी विचारलं.

"थाप कामून मारायलीस? फोन हाय की."

"आन कोकरं? मागं कोपऱ्यात धक्के खायची का त्यांनी?"

सासूबाई आल्या. चढून आत बघितलं, पेटीवर हात फिरवला, आणि मुलाकडे वळल्या. "हऱ्या, ह्याच्यात मेंढरांना लेकरं ऐकू कशी येतेत रं?"

"मला वळखतेत ती, माय. माझ्यामागं येतेत."

"तुझ्यामागं कुत्रं बी येत न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "ट्रालीत आवाजाची शिष्टीम आधीच हाय. अकरा कोकरांची. ही काढ."

त्याने काढली नाही. उलट रुसला. "हौस केली बायकोची तर तिलाबी नगं, तुलाबी नगं," म्हणाला. माझी हौस! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी गप्प बसले. हे माझं दुसरं चुकणं. त्याच वेळी पाना घेऊन बोल्ट काढायला बसायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. अकरा कोकरांत सगळ्यात लहान बांडीचं, तीन दिवसांचं. बांडी माझी मेंढी. लग्नात बापाने दिलेल्या दोनांतली एक, दुसरी पहिल्याच वर्षी लांडग्याने नेली. बांडीला दोन वर्षं लेकरू टिकलं नव्हतं. हे तिसरं, काळ्या तोंडाचं, उभं राहिलं की मागचे पाय फाकणारं. निघण्याआधी मी स्वतः तिला धरून त्याला पोटभर पाजलं होतं.

पहिला अर्धा कोस ठीक गेला. गाणं हळू होतं, गिअर पहिला. मागच्या फाळक्यावरून मला अकरा मेंढ्या दिसत होत्या, सगळ्यांत पुढे बांडी, मान वर करून उत्तर देत. त्यांच्या मागे सासू-सासरे आणि कळप. कालव्याचा पूल ओलांडला, डांबरी लागली, आणि मागून उसाचा ट्रॅक्टर आला. गाणं वाजवत आम्हाला ओलांडून गेला.

मग आमच्या मर्दाचं काय झालं ते सांगायला नको. आवाज वाढला. माझ्या छातीत काहीतरी हाणल्यासारखा पहिला ठोका पडला आणि तवा खुंटीवरून खाली आला. त्या ट्रॅक्टरला गाठायला गिअर बदलला. दुसरा, मग तिसरा.

कोकरं ओरडत होती. त्यांची तोंडं उघडताना मला दिसत होती, आवाज येत नव्हता. दोन हातांवरच्या कोकराचा आवाज मला ऐकू येईना, तर मागे चालणाऱ्या आयांना काय येणार? मी बाहेर बघितलं. मेंढ्या पुलावर थांबल्या होत्या. बांडी एकदा पुढे आली, एकदा मागे गेली. मग फिरली. तिच्यामागे सगळ्या फिरल्या. सासूबाई पदर हलवत होत्या, लहान लहान होत गेल्या.

मी उलथनं घेतलं. पत्र्यावर पेटी. मी पेटीवर मारलं, बाजूच्या पत्र्यावर मारलं, पाइपावर मारलं. एक थाप, थांब. एक थाप, थांब. शंभर वेळा मारली असेल. "अवं थांबा!" असं ओरडले, शिवी दिली, बापाच्या नावाने दिली. फोन लावला. त्याचा फोन माझ्याच डोळ्यांपुढे, टीव्हीच्या बाजूला नव्या चार्जिंगच्या वायरला लटकून थरथरत होता.

कोकरांना ट्रॉलीच्या तळातून येणारा तो धक्का सहन होईना. ती त्या पेटीपासून लांब, ट्रंकांच्या कोपऱ्यात एकमेकांवर चढायला लागली. भ्यायलेली कोकरं अशीच करतात, ढीग करतात. मी उलथनं टाकून दोघांना ओढलं तर चार चढली. त्यांना काढलं तर ही दोन पुन्हा. काळं तोंड कुठे दिसेना. मला दोनच हात आहेत. ढीग उपसू की ट्रॅक्टर थांबवू, हे मला ठरवायचं होतं, आणि हे ठरवायची पाळी माझ्यावर त्याने आणली, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मी अ‍ॅम्प्लिफायरकडे गेले. एक बटण दाबलं, दिवे लाल झाले. दुसरं दाबलं, धडधड आणखी वाढली. शेवटी पाला तोडायचा विळा घेतला आणि पेटीमागून आलेली जाड वायर एका फटक्यात तोडली. ठिणगी उडाली, हाताला चटका बसला. गाणं अर्ध्या शब्दात मेलं.

आणि ट्रॅक्टर थांबला.

लगेच. माझ्या शंभर थापांना थांबला नव्हता, गाणं गेलं तर वीस पावलांत थांबला. उडी मारून मागे आला, फाळक्यावर हात ठेवला आणि त्याच्या तोंडातून निघालेले पहिले शब्द हे: "काय झालं गं शिष्टीमला?"

मी ढीग उपसत होते. दहा कोकरं निघाली, पाय झाडत, ओरडत. अकरावं सगळ्यांत खाली होतं. मी त्याच्या तोंडात फुंकलं, छाती चोळली, उलटं धरून झटकलं. मान नुसती हलत राहिली. मी ते तसंच उचलून हरिओमच्या हातात दिलं.

त्याने ते घेतलं. रस्त्याकडे बघितलं, तिथे मेंढ्या नव्हत्या. तेव्हा कुठे त्याला कळलं.

ट्रॉली वळवून आम्ही परत गेलो, पहिल्या गिअरमध्ये. मेंढ्या भुजंगरावांच्या रानात, कालच्या मुक्कामाच्या जागी उभ्या होत्या. सडं ताठलेली, माना रस्त्याकडे. कोकरांचा आवाज लांबून येताच त्या धावत सुटल्या. मी एकेक खाली सोडलं. हुंगून, ढुशी देऊन, दहा आयांनी दहा लेकरं पोटाखाली घेतली. बांडी फाळक्यापाशी उभी राहिली. आत बघत.

सासूबाईंनी हरिओमच्या हातून कोकरू घेतलं, बांधाला नेऊन पुरलं. सासऱ्यांनी टूलबॉक्समधून पाना काढला आणि मुलाच्या पुढ्यात टाकला. हरिओम बोल्ट काढायला बसला. पेटी उतरवली, टीव्ही उतरवला, मडगार्डवरचे स्पीकर काढले. पुढचा पत्रा मोकळा झाला, त्याला आठ नवी भोकं पडली होती. मी गवत परत तिथे पसरलं. या सगळ्या वेळात बांडी ओरडत होती. ट्रॉलीला एक फेरा घालायची, फाळक्यापाशी थांबायची, ओरडायची, उत्तराची वाट बघायची, पुन्हा फेरा. मी तिचं दूध पिळून काढलं तरी ओरडतच राहिली. जेवणं झाली तरी ओरडत होती. दुपार कलली. हरिओमने ताट तसंच ठेवलं होतं.

"तुझ्यासाठीच केलं व्हतं," तो हळू म्हणाला.

मी तवा घासत होते. घासत राहिले.

बांडीने पुन्हा हाळी दिली, अगदी त्याच्या पाठीमागे. त्याने दोन्ही कानांवर हात दाबले. "रुपाली, गप कर गं तिला. ऐकवंना."

मी तवा खाली ठेवला. नवरा म्हणून त्याला जो मान द्यायचा तो दिला.

"तिला रिमोट नसतोय," मी म्हणाले. "ऐका आता."