हात वर आणि हसायचं

खेळाच्या बाईंचा डावा गुडघा दोन महिन्यांपासून रुसून बसला होता. जिन्यावरून घसरल्याचं निमित्त. पण शाळेत त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. नोकरी अजून कच्ची होती. मुलाखतीत मोठ्या बाईंचा, म्हणजे मुख्याध्यापिकांचा, पहिलाच प्रश्न होता, "तब्येत ठणठणीत आहे ना?" आता जिम्नॅस्टिक्सचं प्रात्यक्षिक पाहून त्या ठरवणार होत्या, बाईंना कायम करायचं की नारळ द्यायचा.

वर्ग दुसरीचा, पोरं बावीस. बाई आधी स्वतः गादीवर कोलांटी मारून दाखवत. मग स्टुलावर बसून एकेकाच्या मानेखाली हात धरत. सगळं लक्ष हनुवटीवर. ती छातीला चिकटलेली नसली, तर मान दुखावायची भीती. पोर नीट फिरलं की बाई सुटकेचा श्वास टाकत आणि लगेच पुढच्याकडे वळत. फिरलेलं पोर उठतं कसं, हे बघायला सवड होती कुणाला? पाठमोऱ्याच ओरडत, "काहीही होवो, हात वर आणि हसायचं!"

प्रात्यक्षिकाच्या दिवशी पालक बाकांवर दाटीवाटीनं बसले. मोठ्या बाई मधल्या खुर्चीत. आज पोरं एकेकटी कोलांटी मारणार होती, म्हणून बाई भिंतीशी उभ्या राहिल्या.

पहिला आला बटाटा, वर्गातला सगळ्यात गोल गडी. हनुवटी छातीला, पाठ वाकलेली, झकास फिरला. मग त्यानं डावा गुडघा धरला, तोंड वाकडं केलं, "आई गं!" असं कण्हला, दोन पावलं लंगडला आणि हात वर करून हसला.

दुसरी मुलगीही तशीच. तिसराही. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. कार्टी कोलांटीबरोबर त्यांचं उठणंही हुबेहूब शिकली होती! दोन महिने झाकलेलं बिंग आता एकेक जण सगळ्यांसमोर फोडत होता.

"अगं बाई! आणि मी रोज ह्याच्या गुडघ्याला तेल चोळतेय!" बटाट्याची आई म्हणाली. बाक हसून हसून हलायला लागले.

बाविसावं पोर लंगडून झाल्यावर मोठ्या बाईंनी बाईंना जवळ बोलावलं.

"डावा का?"

"हो, बाई."

"बोलला का नाहीत?"

"नोकरी जाईल म्हणून." बाईंचे डोळे भरून आले. लपवालपवीचा त्यांना आता खरोखरच कंटाळा आला होता.

"लपवलंत ते चुकलंच," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण बाविसांतल्या एकाचीही मान वाकडी झाली नाही. मी मोजत होते. उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जा. गुडघा बरा होईपर्यंत बसून शिकवा, कोलांटी बटाटा दाखवेल. आणि सोमवारी येऊन कायम झाल्याचं पत्र घेऊन जा."

एवढं बोलून त्या खुर्चीतून उठायला गेल्या. अर्ध्यावरच त्यांचा हात कमरेवर गेला. "आई गं!"

मोठ्या बाईंसमोर हसायची छाती कुणाची?

"बाई, हात वर!" बटाटा ओरडला.

मोठ्या बाईंनी एकदा पालकांकडे पाहिलं, एकदा खेळाच्या बाईंकडे. मग हळूहळू दोन्ही हात वर केले.

"आणि हसायचं पण!" बावीस पोरं एका सुरात ओरडली.